एकदाही न अडलेला नट

नाट्यसंग्रहालयात काचेआड एका थोर नटाचा जरीचा अंगरखा होता. गाइड रंगात येऊन सांगत होता, "पाठांतर असं, की गडी उभ्या जन्मात एकदाही अडला नाही!"

चाळीस वर्षं विंगेत बसून त्याच नटाला वाक्यं पुरवणाऱ्या आमच्या आजोबांचे कान लाल झाले.

आजीनं कोपर मारलं. "कान कसले लाल करताय? तोंड उघडा! म्हणावं, तो ठोंब्या दर तिसऱ्या वाक्याला अडायचा. आज गप्प बसलात, तर कायमचे विंगेतच!"

आजोबांनी घसा खाकरला, आजीच्या मागे सरकले आणि त्या नटाची एकेक फजिती तिच्या कानात कुजबुजू लागले. आजी शब्द न शब्द खणखणीत म्हणत गेली. दालनात हशा आणि टाळ्या!

 

मग लोकांनी फोटोसाठी आजीला मधोमध उभं केलं आणि मोबाइल आजोबांच्या हातात दिला.