जाईबाईचा पाय

डॉ. ज्योत्स्ना तायडे अठ्ठावीस वर्षं हत्तीरोगाच्या जंतावर संशोधन करत होत्या. पाय सुजण्याच्या कितीतरी आधी रोग ओळखणारी त्यांची चाचणी यंदा अकोटजवळच्या त्यांच्याच गावात आली. पण बोटाला सुई टोचून घ्यायला कोणी पुढे येईना.

"आमाले काई झालं नाई, मंग काहून टोचता?" बायका म्हणाल्या.

तेवढ्यात ज्योत्स्नाताईंची आई जाईबाई भिंतीला धरत बाहेर आली. आजवर चारचौघांत तिनं पाय कधी दिसू दिला नव्हता. ओट्यावर बसून तिनं लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं. खांबासारखा सुजलेला पाय पाहून सगळ्या जवळ सरकल्या.

"तुमच्या वयात मलेबी काई झालं नोतं," जाईबाई म्हणाली.

दुपारपर्यंत साठ बायकांनी रक्त दिलं. चौघींच्या रक्तात रोग निघाला. चौघींनी गोळ्या घेतल्या आणि झपाझप चालत कापूस वेचायला गेल्या.