ग्वेनचं बारसं

पाळण्याजवळ बसण्याआधी दैवशालानं घटकाभर भिंतीला पाठ टेकली. चार दिवसांच्या कापूस वेचणीनं कंबर ठणकत होती, त्यात सेलूहून ताडकळसपर्यंत एसटीत उभं राहून आलेली. पण भावाची पहिली लेक. आत्यानं नाही जायचं तर कुणी जायचं? बारशात आत्याचा मान मोठा. नाव ठेवायचं आणि वर बायकांचे धपाटे खायचे.

नाव तिनं कधीच ठरवून ठेवलं होतं. मनकर्णा. चैत्रात गेलेल्या आईचं.

भावजयीनं, अर्पितानं, फोन पुढं केला. पडद्यावर रामप्रसाद होता. तिकडं वेल्समध्ये तो म्हाताऱ्या माणसांचं करायच्या नोकरीला होता. बारशाला सुट्टी मिळाली नव्हती. आई गेली तेव्हाही मिळाली नव्हती.

"अक्का, पोरीचं नाव ग्वेन ठिव."

"काय?"

"ग्वेन. इकडलं लय जुनं नाव हाय. आमच्या इथं एक म्हातारी होती, तिचं."

दैवशालाच्या अंगात बोलायचं त्राण नव्हतं, तरी राग आलाच. "आईला अग्नी द्यायला आला न्हाईस. आता तिचं नावबी नको व्हय रे तुला?"

अर्पिता उगीच पाळण्यातलं दुपटं सारखं करत बसली.

"आई गेल्याचा फोन आला तवा मी त्या म्हातारीला जेवू घालायलो होतो," रामप्रसाद सावकाश म्हणाला. "माझ्या हातातला चमचा काढून तिनं बाजूला ठिवला. आईचं नाव इचारलं. तिच्या तोंडात बसंना, तरी धा-बारा डाव म्हणली. अन् रडली, अक्का. आपल्या आईसाठी माझ्यासंगं रडणारं इथं दुसरं कुणी नव्हतं."

"मग?"

"मागच्या महिन्यात गेली. तिच्या आजीचं नाव ग्वेन, आत्याचंबी ग्वेन. हिला लेकरू ना बाळ. 'नाव माझ्यापाशीच संपलं,' म्हणायची. मातीला मी अन् दोन नर्सा, बस."

दैवशालानं पाळण्याची दोरी हातात धरली. आईच्या मातीला सगळं गाव लोटलं होतं. कुणीतरी बाई मागून म्हणाली, "आटपा गं, लेकरू रडायलंय."

ती गुडघ्यावर हात टेकत उठली, पाळण्यात वाकली. बाळाच्या कानाशी तोंड नेऊन तिनं 'कुर्र्र' केलं आणि नाव सांगितलं. ग्वेन. आईचं नाव ओठांवर आलं होतं, ते तिनं गिळलं.

बायका हसत पुढं सरसावल्या. ठणकत्या पाठीवर धपाधप धपाटे पडू लागले. दैवशालाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, थांबेना.

"अगं बाई, लय लागलं का?" अर्पिताच्या आईनं हात आवरला.

"न्हाई," वाकल्या वाकल्याच दैवशाला म्हणाली. "हाणा आजून."