काळ्या चकतीवरच्या रेघा

विहीर खोदताना सापडलेल्या काळ्या चकतीवर छत्तीस रेघा होत्या. एकेका रेघेवर बोट ठेवलं की पृथ्वीवर कुणालाच ठाऊक नसलेली एकेक विद्या मनात उमटायची. उजेड विणायची विद्या कळली तेव्हा मी आनंदाने रडले.

मांजरसुंब्याच्या गॅरेजात अब्बांनी ती चकती दोन्ही हातांत घट्ट धरली. नुसत्या आवाजावरून इंजिनाचा बिघाड ओळखणारे माझे अब्बा म्हणाले, "उज्मा, लई भारी चीज हाय ही!"

तेवढ्यात गहिनीनाथकाकांनी दुरुस्तीला आणलेला ट्रॅक्टर सुरू केला. अब्बा कान देऊन ऐकत राहिले.

"मकसूदभाई, आज कावून येळ लागतोय? कान गहाण टाकला का?"

"भाऊ," अब्बा घाबरून म्हणाले, "नुसता आवाजच येतोय."

मी चकती उजेडात धरून रेघा पुन्हा मोजल्या.

सदतीस.