उलटा दोरा
अंगठ्याला पट्टी. बटणांची बरणी. न उघडलेले डबे. काचेमागची रिकामी खुर्ची. कोटांच्या कारखान्यात मजुरी कोटामागे मिळायची, दुखण्यामागे नाही. संध्याकाळपर्यंत बटणं लावलेल्या कोटांनी टोपली भरली नाही तर आक्काची जागा दुसरीला जाणार होती. मुकादमबाई फणकारली होती, “बटणं लावतेस की त्यांना अंगाई गातेस?” जेवणाच्या सुट्टीत आक्का पट्टी बदलून आली, तर टोपली शिगोशीग भरलेली. “कोणी केलं गं?” “तूच,” शेजारीण डबा उघडत म्हणाली. “जास्त बोललीस तर उसवून ठेवीन.” आक्कानं पदर डोळ्यांना लावला. कोट उलटून तिनं एकेकीची गाठ ओळखली. तीन कोटांवर मात्र दोरा उलटा फिरला होता. शिवणाऱ्यांत डावखुरी कोणीच नव्हती. काचेमागून मुकादमबाई गुरगुरली, “रडायचे पैसे मिळत नाहीत. उद्या वेळेवर ये.” आक्का डोळे पुसत हसली. सकाळची हजेरी मुकादमबाईनं डाव्या हातानं लिहिली होती.