अकरा सेकंद

मंगळवारी दुपारी तीन वाजून बावीस मिनिटांनी हिंजवडीतल्या मजूर वस्तीत, आठ नंबरच्या पत्र्याच्या खोलीत आग लागली. तिथल्या सेन्सरने ती अकरा सेकंदांत ओळखली आणि कोणालाच सांगितलं नाही.

सांगू नये, ही सोय नम्रतानेच केली होती. तिच्या कंपनीचा सेन्सर पवना धरणाकाठी सुट्टीला येणाऱ्यांच्या तंबूंसाठी होता. चुलीचा धूर कुठला आणि आगीचा कुठला, हे त्याला शिकवायचं तर रोज चुली पेटायला हव्यात. म्हणून ऑफिसमागच्या या वस्तीत, खोलीमागे एक, अशा सेन्सरच्या चाळीस डब्या लावल्या. पहिल्याच आठवड्यात नऊ नंबरच्या मालनबाईंनी तिला गाठलं.

"ताई, भाकर टाकली की बोंबलतंय हे. नात दचकून उठती. गप करा की त्याला."

नम्रताने सगळे भोंगे बंद केले. नोंद तेवढी सर्व्हरवर जात राहिली.

आज तिला धूर दिसला तो ऑफिसच्या खिडकीतून. तेव्हा तीन चाळीस झाले होते.

ती धावत पोहोचली तेव्हा सिलिंडर फुटत होते. मालनबाई समोरच्या बांधकामाच्या सातव्या मजल्यावरून उतरून आल्या होत्या. हात सिमेंटने भरलेले. कामावर जाताना त्या नातीला निजवून बाहेरून कुलूप लावत. वस्तीत कुत्री फार.

"ताई," त्यांनी विचारलं, "वाजलं न्हाई ते?"

नम्रताचा फोन वाजला. तिचा टीम लीड, शौनक.

"पाहिलंस का? अकरा सेकंद! चूल नाही, आगच, असं बरोबर ओळखलंय. इतका क्लीन डेटा मागूनही मिळाला नसता."

"शौनक, आत मूल आहे."

"मग अग्निशमनवाल्यांना सांग ना. मी काय इथे बंब घेऊन बसलोय? आणि भोंगे बंद होते, ते रिपोर्टमध्ये नको. उगाच."

तिने फोन ठेवला. "हो" म्हणून ठेवला.

मालनबाईंनी पदराची गाठ सोडली आणि किल्ली बंबाबरोबर आलेल्या एका जवानाच्या हातात कोंबली.

"नऊ नंबर, दादा. जरा दाबून फिरवा. अडकतंय कुलूप."

चार वाजून दहा मिनिटांनी एक नंबरपासून सुरू केलेला पाण्याचा मारा सहा नंबरपर्यंतच पोहोचला होता.