स्वेटर वाळेपर्यंत

समुद्र जवळ असल्यामुळे भरतीला या शहरातली नदी उलटी वाहते, भिंतींना मीठ फुटतं आणि कपडे वाळता वाळत नाहीत. बाहेर जायला सकाळची एकच लाँच. लेक इथं धक्क्यावर क्रेन चालवते. मी दोन दिवसांसाठी आलो होतो. निघायच्या आदल्या दिवशी तिनं माझा स्वेटर धुतला. सकाळी म्हणाली, “ओला कसा नेणार? उद्याच्या लाँचनं जा.” स्वेटर वाळेना; आठवडा सरला. “राहा” असं ती म्हणाली नाही, “राहू का?” मीही विचारलं नाही. दोघं एकाच माळेचे मणी. काल संध्याकाळी स्वेटर हाताला कोरडा लागला. पहाटे पाण्याचा मग घेऊन गुपचूप दोरीपाशी गेलो. स्वेटरमधून पाणी ठिबकत होतं. स्वयंपाकघरातून आवाज आला, “बाबा, अजून ओलाच आहे का हो?” “हो गं. इथली हवाच तशी.” मगातलं पाणी पिऊन टाकलं.