आधी वाक्य

“तिची वेळ भरली होती.”

विरूपाक्षनं फळ्यावर वाक्य लिहिलं, खाली रेघ मारली आणि केरबाकडं वळून विचारलं, “हेच ना? एखादा शब्द बदलायचाय?”

“न्हाय. ह्येच,” केरबा म्हणाला. “तीन वर्सं ह्येच म्हणत आलोय. पर आता म्हणताना जीभ अडाय लागलीया. खरं हाय का खोटं, तेवढं तपासून द्या. घरात काय चाललंय ते सांगतो, म्हंजे—”

“घरातलं नंतर. आधी वाक्य.”

ही शिस्त तात्यांची. तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर, ब्याऐंशी साली, त्यांनी राजारामपुरीतल्या घराच्या पुढच्या खोलीत रविवारी सकाळी लोकांना बसवून घ्यायला सुरुवात केली. औषध नाही, अंगारा नाही, उपदेश नाही. माणूस ज्या वाक्याच्या आधारानं जगतो ते वाक्य फळ्यावर घ्यायचं आणि त्याचा एकेक शब्द तपासायचा. गल्लीतले लोक हसायचे. “तात्या, आमच्या म्हशीला बी एक प्रश्न पडलाय,” असं दारातनं ओरडून जायचे. तरी माणसं येत. रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेला विरूपाक्ष दीड वर्ष इथं टिपणं घेत होता. आज पहिल्यांदा खडू त्याच्या हातात होता. तात्या मागं आरामखुर्चीत बसले होते. मध्ये बोलायचं नाही, असं त्यांनीच ठरवलं होतं. आजचं नीट पार पडलं, तर बुधवारची नवी बैठक विरूपाक्षची एकट्याची.

केरबा उचगावचा. साखर कारखान्यात कामाला. तीन वर्षांपूर्वी त्याच्या बायकोला, शालूबाईला, साप चावला होता.

“किती वाजता चावला?”

“धाच्या सुमाराला. वैरण काढत हुती.”

“मग?”

“मग देवळात नेली. लिंबाचा पाला चारला. कडू लागंना म्हणाली. इख उतरून कडू लागस्तवर चारायचा, अशी रीत हाय आमच्यात.”

“तिथं किती वेळ होती?”

“दीड-दोनपतूर. मग टॅक्टरमधनं दवाखान्यात. दारातच गेली.”

विरूपाक्षनं फळ्यावर दोन आकडे लिहिले. दहा आणि दोन. मध्ये एक आडवी रेषा ओढली.

“दवाखाना किती लांब?”

“अर्धा तास.”

“गावात साप चावून कुणी वाचलंय?”

“आकारामचा भाऊ वाचला की. त्याला सरळ दवाखान्यात नेल्ता. सुया दिल्या.”

“म्हणजे त्याची वेळ भरली नव्हती?”

“नसंल.”

“आणि त्याला देवळात बसवला असता तर?”

केरबा फळ्यावरच्या रेषेकडं बघत हळूच म्हणाला, “तर भरली असती.”

“मग सांगा, केरबा. वेळ कुठं भरते? नशिबात का देवळात?”

विरूपाक्षच्या अंगावर शहारा आला. कॉलेजात एक शेवटचा थेंब पडून चंचुपात्रातलं सगळं द्रावण गुलाबी व्हायचं, तेव्हा असंच वाटायचं. त्यानं केरबाला काहीच सांगितलं नव्हतं. फक्त विचारलं होतं. उत्तर केरबाचं होतं.

केरबानं टोपी काढून मांडीवर ठेवली. तिच्या घडीवरनं बोट फिरवलं.

“म्हंजे सरळ नेली असती, तर वाचली असती.”

“खात्रीनं सांगता येणार नाही,” विरूपाक्ष म्हणाला. तो नेमकं बोलणारा माणूस होता. “पण शक्यता मोठी होती. बरीच मोठी.”

त्यानं वाक्य पुसून टाकलं. मागं तात्यांनी वही उघडली, बुधवारच्या रकान्यात विरूपाक्षचं नाव लिहिलं आणि त्याला दिसेल अशी वही जरा तिरकी धरली.

“हलकं वाटतंय ना?” विरूपाक्षनं केरबाला विचारलं. आता त्याच्या आवाजात माया होती. “खरं कळलं की माणूस मोकळा होतो. आता सांगा घरातलं.”

“मी तवा कारखान्यात पाळीवर हुतो, सर,” केरबा म्हणाला. “देवळात आईनं नेल्ती.”

विरूपाक्षनं खडू खाली ठेवला.

“लेकीगत हुती सून तिची. तवापास्नं रोज इचारती, माझ्याकडनं गेली व्हय रं? मी रोज म्हणतो, न्हाय गं आई, तिची येळ भरली हुती. परवा म्हणाली, तू लेक हाईस, तू असंच म्हणणार. तवापास्नं भाकरीला हात लावंना. शिकल्याल्या माणसानं तपासून सांगितलं तरच जेवीन म्हणती. म्हणून घिऊन आलोय तिला.”

“मग हे आधी का नाही सांगितलंत?”

“सांगतच हुतो की.”

विरूपाक्षनं तात्यांकडं पाहिलं. तात्या खिडकीबाहेर बघत होते.

दारात चपला काढल्याचा आवाज झाला. केरबाची आई, धोंडुबाई, भिंतीला धरून आत आली. पदर सावरून तिनं नातवाच्या वयाच्या विरूपाक्षला दोन्ही हात जोडले.

“झालं व्हय तपासून, बाबा?” म्हातारीनं विचारलं. “मग आज जेवू का मी?”